गॅरेज बांधायचंय? आधी काळी माती उकरून बघा

पत्र : ताई, नमस्कार. पिंपरीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला बत्तीस वर्षं काढून मार्चमध्ये निवृत्त झालो. मांजरी बुद्रुकला चार गुंठ्यांत आमचं बैठं घर आहे. घरात तीन गाड्या : वडिलांची बजाज चेतक, १९९६ ची मारुती ८०० आणि रोजची सीएनजी अर्टिगा. ८०० चं इंजिन स्वतःच्या हातानं उघडून पुन्हा बांधायचं, ही फार वर्षांची इच्छा. त्यासाठी मागच्या कोपऱ्यात, घरापासून सुटं गॅरेज बांधायचं ठरवलंय. कंत्राटदार म्हणतो, दहा बाय अठराचं पत्र्याचं शेड, आठ फूट उंची, खाली कोबा. पंधरा दिवसांत चावी हातात देतो, आणि शेडला परवानगी लागत नाही. मुलगा म्हणतो, गाडीखाली उतरायला खड्डा हवाच. मेहुणे म्हणतात, खड्ड्याचे दिवस गेले, लिफ्ट बसवा. बायकोचं एकच म्हणणं, कोपऱ्यातल्या आंब्याला हात लावायचा नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर : नमस्कार. कोणाचं ऐकू असं विचारलंत, तर आधी वहिनींचं ऐका. महापालिकेच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ते स्वतःच्या अंगणातलं असलं तरी. पण कायदा बाजूला ठेवला तरी आंब्याखाली पत्र्याचं छप्पर हा रोजचा ताप आहे. पानं पन्हळीत अडकतात आणि पहिल्याच मोठ्या सरीला पाणी भिंतीवरून आत येतं. चैत्रात कैऱ्या पत्र्यावर आपटायला लागल्या की खाली काम करणारा माणूस दर पाच मिनिटांनी दचकतो. मुळं पायाशी येतात ती वेगळीच. गॅरेज आंब्यापासून निदान दहा-बारा फूट सरकवा. झाड उभं राहिलं तर मे महिन्यात अर्टिगा त्याच सावलीत लावाल.

आता कंत्राटदाराला थांबायला सांगा. त्याच्या सगळ्या बोलण्यात मला खरी काळजी वाटली ती 'खाली कोबा' या दोन शब्दांची.

मांजरी म्हणजे मुळा-मुठेच्या काठचं उसाचं रान. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ज्या गावात आहे, त्या गावची माती उसाला सोन्यासारखी. बांधकामाला मात्र तीच माती वैऱ्यासारखी वागते. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते. एप्रिलमध्ये तुमच्याच अंगणात कोपरभर हात जाईल एवढ्या भेगा पाहिल्या असतील. घर जड असतं, त्याचा पाया खोल गेलेला असतो, म्हणून ते तग धरतं. पण रिकाम्या शेडच्या हलक्या कोब्याला ही माती सहज उचलते. आणि उचलते ती सगळीकडे सारखी नाही, एका कडेला जास्त, एका कडेला कमी.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझे बाबा हडपसरला घराच्या मागे गाड्या दुरुस्त करायचे, जास्त करून मॅटाडोर. तिथला कोबा एका गवंड्यानं काळ्या मातीवरच ओतला होता, चार इंच, सळईशिवाय. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मधोमध भेग पडली आणि शटरकडची बाजू बोटभर वर आली. बाबा म्हणाले, चालतंय. एका संध्याकाळी त्यांनी गाडी उचलून घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घेतली. घोडीचा एक पाय भेगेच्या या बाजूला, बाकीचे त्या बाजूला. मी बॅटरी धरून उभी होते. बाबा सतरा नंबरचा पाना घ्यायला गाडीखालून बाहेर आले, पेटीपर्यंत पोचले, आणि मागे घोडी घसरली. आवाज फार मोठा झाला नाही, कारण काढलेलं चाक त्यांनी सवयीनं गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं होतं. गाडी त्या चाकावर बसली. टायरवर ब्रेक ड्रमची कड रुतल्याची खूण उमटली होती, ती मी बोटानं चाचपून पाहिली होती. बाबांनी रात्रभर काही बोलणं केलं नाही. दुसऱ्या दिवशी कोबा फोडायला माणसं लावली.

म्हणून पहिलं काम : जागा ठरली की तिथे तीन बाय तीनचा खड्डा खणायला सांगा आणि माती कुठे बदलते ते बघा. काळी संपून खाली पिवळट-तांबूस मुरूम लागला की टेपनं खोली मोजा. तीन-चार फुटांवर मुरूम लागला तर नशीब चांगलं. कॉलमचे पाये घट्ट मुरुमात उतरवायचे, वर जोत्याचा (प्लिंथ) बीम फिरवायचा, आणि त्या बीमखाली थोडी पोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलणार नाही. आठ-दहा फुटांपर्यंत काळीच लागली, तर साध्या पायावर पैसे घालू नका. खाली कांद्यासारखा फुगीर भाग असलेले अंडर-रीम्ड पाइल अशाच मातीसाठी आहेत. तो निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका.

जमिनीचा तळ वेगळा धरायचा. गॅरेजच्या आतली काळी माती निदान दोन-अडीच फूट काढून टाका. मुरूम भरा, एका वेळी सहा इंचाचा थर, पाणी मारून, धुमस किंवा मशीननं बसवून, मग पुढचा थर. इथे घाई करतात. दोन फूट मुरूम एकदम ओतून वरून एकदाच रोलर फिरवतात. वरचा थर घट्ट दिसतो, खालचा पोकळ राहतो, आणि वर्षभरात कोबा खचतो. तुम्ही निवृत्त आहात, हे चार दिवस खुर्ची टाकून समोर बसा. त्यावर रबल सोलिंग (दगडांचा थर), जाड प्लास्टिकचा कागद, चार इंच पीसीसी (सळईशिवायचं काँक्रीट), आणि वर सहा इंचाचं एम-२५ दर्जाचं काँक्रीट, त्यात आठ मिलिमीटरच्या सळया दोन्ही बाजूंनी आठ-आठ इंचांवर. शक्य असेल तर ट्रीमिक्स करून घ्या. त्यात काँक्रीटमधलं जादा पाणी यंत्रानं ओढून काढतात आणि पृष्ठभाग कठीण होतो. दुसऱ्या दिवशी कटरनं सांधे कापून घ्या. भेग पडायचीच असेल तर ती त्या सांध्यात पडेल. मग आळी घालून निदान चौदा दिवस पाणी साठवून ठेवा. काँक्रीटची ठरलेली ताकद अठ्ठावीस दिवसांनी धरतात, म्हणजे पंधरा दिवसांत चावी देतो म्हणणाऱ्याच्या हिशेबात तुमच्या कोब्याला पिकायला वेळच धरलेला नाही.

वर टाइल्स नकोत. जॅकच्या चाकाखाली टाइल टिकत नाही. ऑइल सांडलं तर कोटा फरशी गुळगुळीत होते. घासलेलं काँक्रीट, त्यावर नंतर कधी हात सैल झाला तर इपॉक्सी, एवढं पुरे.

आता आकार. दहा बाय अठरा हे बाहेरून बाहेर माप असणार. सहा इंची ब्लॉक आणि गिलावा धरला तर आत नऊ बाय सतरासुद्धा पुरतं मिळणार नाही. अर्टिगा सुमारे साडेचौदा फूट लांब आणि पावणेसहा फूट रुंद आहे. तिच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट उरलं. एवढ्यात दार उघडून आडवं होऊन बाहेर पडता येईल, पण पान्याला झटका देता येणार नाही.

कागदावरच्या मापावर विश्वास ठेवू नका, हे एक काम रविवारी सकाळी करून बघा. अर्टिगा अंगणात उभी करा. चारही दारं सताड उघडा, बॉनेट वर, डिकी वर. पुढे दोन फुटांचं टेबल ठेवा, ते तुमचं कामाचं बाक. एका बाजूला जॅक लावून त्याचा दांडा पूर्ण खाली आणा, तो कुठपर्यंत येतो ते बघा. पुढच्या चाकाशी उकिडवे बसा आणि कोपर मागे न्या. मग या सगळ्याभोवती फक्की मारा. मला खात्री आहे, ती रेघ चौदा बाय बावीसच्या आसपास येईल. आतून हे माप धरा. ८०० तर अकरा फुटांची आणि पावणेपाच फूट रुंद, ती आत असताना इंजिन बाहेर काढून स्टँडवर ठेवलं आणि चेतक भिंतीला लावली तरी फिरायला जागा उरेल. शटर दहा फूट रुंद ठेवा. गुंडाळलेल्या शटरचा ड्रम वर फूट-सव्वा फूट जागा खातो, ते उंचीत आधी धरा. बाजूला माणसापुरतं वेगळं दार हवंच. दरवेळी अख्खं शटर वर करायचं म्हटलं की हळूहळू गॅरेजमध्ये जाणंच कमी होतं, हे मी पाहिलंय.

मुलगा आणि मेहुणे यांच्या वादात मी मेहुण्यांच्या बाजूची, पण आज नाही.

खड्ड्याला माझा विरोध आहे आणि तो दोन कारणांनी. एक, तुमच्या मातीत पाच फूट खोल खड्डा म्हणजे पावसाळ्यात विहीर. आतून वॉटरप्रूफिंग केलं तरी बाहेरून फुगणारी माती भिंती आत ढकलते. दुसरं कारण जिवाचं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. कार्ब्युरेटर उघडला, फ्युएल पाइप सोडला, चार थेंब सांडले, की ती वाफ सरपटत खड्ड्यात उतरते आणि तिथेच बसून राहते. वर उभ्या माणसाला ती जाणवेलच असं नाही. खाली उतरलेल्या माणसाच्या हातातला दिवा फुटला किंवा पाना लोखंडावर घासून ठिणगी पडली, तर बाहेर यायला एकच अरुंद जिना. एलपीजीही अशीच तळाला बसते. कारखान्यात बंद टाकीत माणूस उतरवताना तुम्ही परमिट काढायचात ना, घरात ते कोण काढणार?

लिफ्ट चांगली. पण आधी वर्षभर काम करा, मग ठरवा. आत्ता फक्त तिची जागा ठेवा, कारण उंची आणि कोबा नंतर वाढवता येत नाही. अर्टिगा साडेपाच फूट उंच. तिच्याखाली ताठ उभं राहायचं तर ती सहा फूट उचलायला हवी. झाले साडेअकरा. वर फूटभर मोकळं धरा, म्हणजे ट्रसच्या खालच्या कडेपर्यंत साडेबारा फूट. कंत्राटदाराच्या आठ फुटांत लिफ्टचा विषयच मिटतो. जिथे लिफ्टचे दोन खांब येतील तिथे चार बाय चारच्या चौकोनात कोबा फूटभर जाड करून ठेवा. त्या दोन जागांचे फोटो शेजारी टेप धरून काढा आणि जपून ठेवा. पाच वर्षांनी ड्रिल कुठे मारायचं, हे दुसरं कोणी सांगणार नाही. तोवर चांगला ट्रॉली जॅक, चार घोड्या, आणि बाबांची सवय : काढलेलं चाक नेहमी गाडीखाली.

परवानगीबद्दल तुमच्या कंत्राटदारानं सरळ चुकीचं सांगितलंय. पाया घालून, कॉलम उभे करून, छप्पर टाकलं की ते बांधकाम झालं, वर पत्रा असो की स्लॅब. मांजरी बुद्रुक २०२१ पासून पुणे महापालिकेच्या हद्दीत आहे, आणि २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली तुम्हाला लागू होते. बाजूचं आणि मागचं मार्जिन, एफएसआय (चटईक्षेत्र), गॅरेजची उंची हे त्यातून ठरतं आणि ते प्लॉटप्रमाणे, रस्त्याप्रमाणे बदलतं. साडेबारा फूट उंची त्या कोपऱ्यात मिळते का, हेही तिथेच कळेल. परवाना असलेला आर्किटेक्ट गाठा, सातबारा आणि घराचा मंजूर नकाशा घेऊन जा. प्लॉट गुंठेवारीचा असेल आणि नियमित झालेला नसेल, तर आधी ती फाइल. नाहीतर उद्या शेजाऱ्याशी नालीवरून खटका उडाला, त्यानं अर्ज टाकला, आणि नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस गॅरेजच्या दारावर चिकटली, की तो कंत्राटदार फोन उचलणार नाही.

छपराला पत्राच घ्या, स्लॅब नको. एवढ्या उंचीवर स्लॅब महाग पडतो आणि दिवसभर तापून संध्याकाळभर उष्णता सोडत राहतो, नेमकं तुम्ही काम करणार त्या वेळी. पण साधा एकेरी पत्रा मे महिन्यात तव्यासारखा होतो. दोन पत्र्यांच्या मध्ये पफ (फोम) भरलेला सँडविच पॅनल घ्या. पावसाचा आवाजही त्यानं कमी होतो. पत्रा वॉशर असलेल्या स्क्रूनं ट्रसला घट्ट बांधून घ्या. आपल्याकडे जुलैच्या पावसापेक्षा मेमधला वळीव पत्रे जास्त उडवतो. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी ठेवू नका, उत्तरेला मोठी ठेवा.

हवेची सोय दोन ठिकाणी हवी, वर आणि खाली. पेट्रोलची वाफ तळाला बसते, म्हणून जमिनीलगत समोरासमोरच्या भिंतींत जाळ्या. आणि सीएनजी हवेपेक्षा हलका, तो गळला तर छपराखाली साठतो, म्हणून सगळ्यात उंच टोकाला पावसापासून झाकलेली फट. बहुतेक जण यातलं एकच करतात. इंजिन चालू करून ट्यूनिंग करायचं तर शटर पूर्ण उघडं, आणि सायलेन्सरला पाइप लावून धूर बाहेर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वहिनींना सांगा, गॅरेज घरापासून सुटं ठेवताय हे उत्तम करताय, फक्त शटरचं तोंड स्वयंपाकघराच्या खिडकीकडे येऊ देऊ नका.

विजेचं थोडक्यात, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. घरापासून जमिनीखालून आर्मर्ड केबल, गॅरेजला स्वतःचा डीबी (वीज वाटपाची पेटी), स्वतःचा अर्थिंगचा खड्डा, आणि तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. प्लग जमिनीपासून चार फूट वर, वाफेच्या आवाक्याबाहेर. दिवे गाडीच्या डोक्यावर मधोमध लावू नका, बॉनेट उघडलं की सगळी सावली इंजिनवर पडते. दोन्ही बाजूंना लांब एलईडी पट्ट्या लावा. वेल्डिंगला वेगळं सर्किट. कॉम्प्रेसर बाहेर, जाळीच्या छोट्या खोक्यात. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ आहे. कॉम्प्रेसर ती सहज ओलांडतो. शेजारी पहाटे उठणारे असतील तर रात्री नऊनंतर फक्त हाताची कामं करा. आणि आळीतल्या पोरांच्या गाड्या पैसे घेऊन करायला लागलात, तर ते गॅरेज घरगुती राहत नाही, मीटर व्यावसायिक करावं लागू शकतं. मोफत मदत केलीत तर प्रश्न नाही.

एक गोष्ट नकाशातच काढून घ्या. कोबा कामाच्या जागी सपाट ठेवा. उतार दिला तर घोडीवरची गाडी सरकते. फक्त शटरकडच्या शेवटच्या चार-पाच फुटांना उतार द्या, आणि दारात जाळी टाकलेली नाली. ती नाली पावसाच्या गटाराला जोडू नका. आधी एका चेंबरमध्ये न्या, म्हणजे तेल वर तरंगून तिथेच अडकेल. जुनं ऑइल कॅनमध्ये साठवा आणि अधिकृत परवाना असलेल्या खरेदीदारालाच द्या. ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि तुमच्या आंब्याच्या बुंध्याशी ओतलं तर झाडही जाईल. दाराजवळ वाळूची बादली आणि पावडरचा अग्निशामक ठेवा. आतल्या भिंतीला नको. आग लागली की माणूस दाराकडे पळतो.

पैसे पुरणार नाहीत असं वाटलं, तर भिंतींचा गिलावा, रंग, कपाटं, शटरची मोटर, बाक, इपॉक्सी, हे सगळं पुढच्या वर्षी करा. भिंती विटांच्या उघड्या राहिल्या तरी ८०० चं इंजिन तेवढंच छान बसेल. पाया, मुरूम, कोबा आणि उंची यांत रुपयाही वाचवू नका.

वेळेचं म्हणाल, तर पाया आणि भराव जानेवारी-फेब्रुवारीत, कोबा मार्चमध्ये, छप्पर वळवाच्या आत. मेमध्ये कोबा घातलात तर उन्हात पाणी टिकत नाही, आणि जूनमध्ये घातलात तर भराव आधीच भिजलेला असतो. तोवर दिवाळी ते संक्रांत नकाशा आणि परवानगी.

माती बघायचा खड्डा मात्र या आठवड्यातच खणून घ्या. काळी माती किती फुटांवर संपली आणि तळाला पाणी पाझरतंय का, एवढं दोन ओळींत कळवा. पाया किती खोल आणि कोणत्या प्रकारचा, हे मला त्यावरच सांगता येईल.